गव्हाच्या काडाचं छप्पर

वलगावच्या वाटेवर टकर साहेबाच्या घराच्या भिंती डोक्याइतक्या वर आल्या, तसा सूर्यभान रोज सकाळी त्यांच्याभोवती एक फेरी मारू लागला. भिंती त्याच्या नव्हत्या. त्याचं काम छपराचं. पंचक्रोशीत गोठा शाकारायचा असो की मांडव, आढ्यावर चढायला सूर्यभानच लागे.

साहेब कापसाचा व्यापारी. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडातल्या बोंडांना कधी नव्हता तो भाव आला, तेव्हा तो अमरावतीला येऊन थडकला. दोन वर्षं तंबूत काढल्यावर त्याला घर हवंसं झालं, आणि तेही विलायतेतल्या आजोबांच्या शेतावरच्या घरासारखं. त्या घराचं चित्र त्यानं पेटीतून काढून सूर्यभानापुढं धरलं होतं. जाड मातीच्या भिंती, एका टोकाला उंच धुराडं, आणि छप्पर इतकं उभं की बकरी चढली तर घसरून खाली यावी. छपराच्या पाख्यातच दोन खिडक्या होत्या, आणि त्यांच्यावरून गवत असं वळवलं होतं जशी डोळ्यावर भुवई.

"माती अन् काडाचंच घर हाय," सूर्यभान हसून म्हणाला होता. "मंग साहेब आपल्यातलाच की!"

साहेबाच्या अटी दोनच. छप्पर गव्हाच्या काडाचं हवं आणि मृग लागायच्या आत हवं. नाही जमलं, तर मुंबईहून लोखंडी पत्रे. पत्र्याचं नाव निघालं की सूर्यभान पुढचा हिशोब मांडू लागे. आज साहेबानं पत्रा टाकला की उद्या पाटील टाकणार, परवा सावकार. मग शाकारणाऱ्याला आढ्यावर कोण बोलावणार?

काड आणायचं काम साहेबाचे कारकून वामनराव यांच्याकडे होतं. त्यांनी गावोगाव निरोप धाडले आणि चैत्रात पंधरा गाड्या दारात उभ्या राहिल्या. साहेबानं पहिल्या गाडीत हात घातला. मुठीत आलं ते बारीक भूस. वाऱ्याची झुळूक आली आणि ते सगळं त्याच्या दाढीत जाऊन बसलं.

"ये क्या है?"

"गव्हाचंच आहे, साहेब," वामनराव चाचरत म्हणाले. "याला इकडे गव्हांडा म्हणतात."

गाडीवाले तोंड फिरवून हसू लागले. चूक कोणाची म्हणावी? वऱ्हाडात गहू खळ्यावर बैलांच्या पायांखाली मळतात. दाणा सुटतो, काडाचा चुरा होतो, तो गुरं खातात. गव्हाचं काड अख्खं ठेवायचं असतं, हे कोणाच्या बापजाद्यांनी ऐकलं नव्हतं.

"मुंबई को लिखो," साहेब दाढी झटकत म्हणाला. "पत्रे मंगाओ."

"साहेब, वीस दिवस द्या," सूर्यभान पुढं झाला.

"गेहूँ तो सब का निकल गया."

"सगळ्यायचा नाई. एकाचा उभा हाय. गव्हांडा तेवढा मले द्या."

साहेबानं दोन्ही हातांची बोटं दोनदा उघडून दाखवली. वीस.

उभा गहू होता पंजाबराव पाटलाचा, पेढी नदीच्या काठी. गड्यांना कापसाच्या गाठी उचलायला दुप्पट दाम मिळत होता, त्यामुळे पाटलाच्या वावरात विळा धरायला कुत्रं फिरकत नव्हतं. पाटील बांधावर बसून सुपारी कातरत होता. गहू हातानं झोडपून काड अख्खं ठेवायचं, हे सूर्यभानाकडून ऐकून त्याचा अडकित्ता थांबला.

"हातानं झोडपून? अन् माहे बैल काय बाजेवर लोळतीन?"

"तिळाच्या पेंढ्या कशा झाडता, पाटील? तिथं बैल घालता काय?"

"तीळ तीळ हाय. खळ्याले बैलाचा पाय नाई लागला तं लक्ष्मी येत नाई."

पाटलीण पार्वताबाई भाकर घेऊन आली होती. ती टोपली खाली ठेवत म्हणाली, "लक्ष्मी गेली कापसाच्या गाडीत बसून! दाणा गळून राहिला, पाखरं खाऊन राहिली, अन् हे बसले बैलाचा मान धरून."

"तू चूप राय वं!"

"चूप राहूनच तं गहू वाळला."

सूर्यभान हसला नाही. पाटलाचं म्हणणं त्याला खोटं वाटत नव्हतं. "पाच पेंढ्या बैलायखाली घाला," तो म्हणाला. "मान बैलायचा, बाकीचं काम माहं. कापणी-झोडपणीले माही बायको मनकर्णा बाया घेऊन येते. दाणा तुमचा, काड माहं. अन् चाऱ्याचं म्हणान, तं साहेबाच्या दारात पंधरा गाड्या गव्हांडा पडला हाय. तो तुमच्या गोठ्यात."

 पाटलाचा अडकित्ता पुन्हा चालू झाला. "काड जमिनीलोक कापजा. अर्धं ठेवू नोका."

मनकर्णाबाई गावातल्या अठरा बाया घेऊन आली. दगडावर पेंढ्या आपटत, पाटलाची नक्कल करत त्यांनी आठ दिवसांत गहू कापून झोडला. काड हातभर, दोन हात, सोन्यासारखं अख्खं.

मग सूर्यभान आढ्यावर चढला. आपल्याकडच्या गवताचे शेंडे तो खाली सोडे. चित्रात वळचण कापल्यासारखी जाड दिसत होती, त्यावरून त्यानं ओळखलं की इथं बुडखे खाली हवेत. एकावर एक थर, त्यावर बांबूच्या कांबी, कांबींना अंबाडीची दोरी. साहेब खालून काही सांगायला तोंड उघडी, तोवर सूर्यभानाचं ते करून झालेलं असे.

अठराव्या दिवशी तो खाली उतरला. "पावसाची वाट काहून पाहता, साहेब? खुर्ची घेऊन आत बसा."

शिडीवर बाया उभ्या राहिल्या. हातोहात घागरी वर गेल्या आणि आढ्यावरून पाणी सुटलं. एक, दहा, चाळीस. पाणी पाख्यावरून धावत वळचणीवरून खाली कोसळू लागलं. सूर्यभान दारात हाताची घडी घालून उभा होता. आत काय चाललंय ते पाहायला त्यानं मानसुद्धा वळवली नाही.

साहेब बाहेर आला. कोरडा ठणठणीत. बाहीवर एकच थेंब होता, तो त्यानं बोट लावून दाखवला.

"खिडकीच्या भुवईतून," सूर्यभान म्हणाला. "तिथं उद्या एक थर देतो."

साहेब मोठ्यानं हसला. "वामनराव, मुंबई को लिखो. पत्रे नहीं चाहिए."

तमाशा पाहायला आलेला पंजाबराव पाटील अजून वळचणीखाली मान वर करून उभा होता. हात लावून त्यानं काड दाबून पाहिलं.

"माह्या गोठ्यावर कवा येतं, सूर्यभान?"

"आधी गहू पेरा, पाटील. सगळ्या वावरात कापूस लावान तं शाकारू कायनं?"

"आयका," पार्वताबाई मागून नवऱ्याला म्हणाली.