कोल्हा ज्या दारात थांबतो

संध्याकाळ झाली की आमची गल्ली श्वास रोखून कोल्ह्याची वाट बघायची. गल्लीत नव्याने आलेले एक साधूबाबा मधोमध खुर्ची टाकून गर्जायचे, "ज्या घरात मृत्यू शिरणार, त्याच दारात माझा दूत थांबणार!" आणि कोल्हा खरंच यायचा, सगळी घरं सोडून एखादाच उंबरठा चाटायचा. लोक हात जोडायचे.

त्या दिवशी तो आमच्याच दारात थांबला. आत वहिनी तापाने फणफणली होती.

"तिला बाहेर नेलंत तर गेलीच समजा," बाबा म्हणाले. "मरण मी दारातच अडवलंय."

मी दवाखान्याचं नाव काढलं, तर दादा अंगावर धावून आला. "काही झालं तर तू जबाबदार राहणार आहेस?"

वहिनीला धाप लागलेली आणि मी नुसता येरझाऱ्या घालतोय! सकाळ होताच कोल्हेवाल्या बाईंना गाठलं. त्या कोल्ह्यांच्या अभ्यासक. या कोल्ह्याच्या गळ्यात त्यांनीच पट्टा बांधला होता, त्यामुळे तो कुठे फिरतो ते त्यांना संगणकावर दिसायचं.

"याचा वावर ओढ्यापासून कोंबडीवाल्यांच्या उकिरड्यापर्यंत," नकाशावर बोट फिरवत त्या म्हणाल्या. "तुमच्या गल्लीकडे कधी फिरकला नव्हता. बाबा आले आणि हा वळला. कोल्हा वाट बदलतो ती खाण्यासाठी. चला, दार दाखवा."

उंबरठ्याशी वाकून त्या हसल्या. "वास घ्या. मंत्र चांगला शिजलाय!"

कोंबडीचं पाणी! आदल्या दुपारी बाबांचा चेला दारोदार मंत्राचं पाणी शिंपडत होता. आमच्या दारात मात्र त्याने हे शिंपडलं होतं काय?

बाईंनी आमचा उंबरठा साबणाने घासला आणि कोंबडीचे तुकडे उकळून ते पाणी घड्याळाच्या बंद पडलेल्या दुकानाच्या पायरीवर ओतलं. संध्याकाळी कोल्हा आला, आमच्या दारावरून सरळ पुढे गेला आणि ती पायरी चाटत बसला.

"बाबा, इथे कोणीच राहत नाही," बाई मोठ्याने म्हणाल्या. "मरणार कोण?"

बाबा चेल्याकडे बघू लागले, चेला पळू लागला. लोकांनी त्याची पिशवी हिसकावली. आत दोन बाटल्या: एकीत बाकीच्या दारांसाठी साधं पाणी, दुसरीत तेलकट, वास मारणारं.

दादा तेवढ्यात वहिनीला उचलून गाडीकडे धावला होता. न्यूमोनिया निघाला. वहिनी वाचली, पण डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

कोल्ह्याला भूक कळते, भविष्य नाही. घरात कोणी आजारी असेल तर कृपा करून दाराकडे बघत बसू नका. डॉक्टरकडे जा.