बाबगोंडा मगदूम यांची डावी चप्पल

बाबगोंडा मगदूम यांच्या डाव्या चपलेला आवाज नव्हता. उजवी फटक फटक वाजायची आणि डावी गप्प राहायची. मिरजेच्या जुन्या बाजारात याचं कुणाला नवल नव्हतं, कारण गिटारचे जुने अँप, म्हणजे स्पीकरची खोकी, ओळखणाऱ्या प्रत्येकाचं असं काही ना काही गेलेलं होतं. अँप कुठला, कुणी जोडलेला, हे बरोबर सांगितलं की त्याचा लाल दिवा वायर न लावताच लागायचा. चुकीचं सांगितलं की सांगणाऱ्याच्या आयुष्यातला एक आवाज जायचा, तो कायमचा. शब्बीरभाईंची शिंक गेली होती. जोगळेकरांच्या कुकरची शिट्टी गेली होती, म्हणून त्यांच्या घरी वरण करपलेलंच असायचं.

बाबगोंडांची मात्र एवढी एक चप्पल गेली होती, तीही ऐन तरुणपणी, आर्केस्ट्रात वाजवत होते तेव्हा. याचा त्यांना फार अभिमान होता. बाजारात ते मुद्दाम मधल्या फरशीवरून चालायचे. किती थोडं गेलंय ते लोकांना ऐकू यायला हवं ना.

बाकीचे लोक अँपची मागची फळी उघडायचे, स्पीकरच्या पाठीवर शाईने मारलेला शिक्का वाचायचे आणि मग तोंड उघडायचे. बाबगोंडा तसलं काही करत नसत. बोटाच्या पेराने लाकडावर टकटक करायची, जाळीच्या कापडाचा वास घ्यायचा आणि सांगून मोकळं व्हायचं. फळी उघडून तर कुणीही सांगेल, असं ते चारचौघांत म्हणत, आणि ते शब्बीरभाईंना झोंबतं हे त्यांना ठाऊक असे.

त्या रविवारी ग्रेस सातपुते नावाची मुलगी एक अँप उचलून त्यांच्यासमोर आली. ती चर्चमध्ये गिटार वाजवायची. घरी सरावाला लहानसा अँप हवा होता, आणि विकणारा म्हणत होता की हा जपानी आहे.

"घेऊ का, अण्णा?" तिने विचारलं.

शेजारी बाबगोंडांच्या पत्नी पद्माबाई भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. पिशवीत मेथीखाली त्यांनी स्क्रूड्रायव्हर ठेवलेला असे. लग्नापासून ठेवत आल्या होत्या, लागला कधीच नव्हता.

बाबगोंडांनी टकटक केली, वास घेतला. खालचे रबरी पाय चौकोनी होते. "कलकत्त्याचा," ते म्हणाले.

दिवा लागला नाही. उजवी चप्पल गेली. बाबगोंडांनी पाय आपटून पाहिला, तर माती उडाली, आवाज आला नाही. भोवती माणसं जमू लागली. शब्बीरभाई आपलं दुकान उघडं टाकून आले आणि पुढे येऊन उभे राहिले.

"फळी उघडून बघा की," पद्माबाई म्हणाल्या.

"कशाला?" बाबगोंडा म्हणाले. "नवं रेक्झिन चढवलंय कुणीतरी, म्हणून फसलो." त्यांनी पुन्हा टकटक केली. "विकणारा बरोबर बोलतोय. जपानी."

दिवा लागला नाही. त्यांनी परत लाकडावर पेर आपटलं, तर आता टकटकही वाजेना. ती त्यांची विद्या होती, आणि ती गेली. माणसं आणखी पुढे सरकली होती. निघायचं म्हटलं तर वाट उरली नव्हती, आणि बाबगोंडांना निघायचंही नव्हतं.

त्यांनी जाळीला कान लावला. आत कुणीतरी चालत होतं. फक्त डावा पाय वाजत होता. त्यामागून आता उजवाही आला, थोडा बिचकत, मग दोन्हींची लय जमली. आपली चाल त्यांनी लगेच ओळखली. तरुणपणी ज्याने हरवलं होतं तो हाच अँप, आणि तेव्हाही आपण जपानीच म्हणालो होतो, हे त्यांना आठवलं. त्यांचे डोळे भरून आले. मग राग आला.

"अण्णा, राहू दे," ग्रेस म्हणाली. "मी दुसरा बघते."

"थांब. आज याला सोडत नाही."

पद्माबाईंनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. "अहो," त्या म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या. त्या 'अहो'त शेवटी एक बारीकसा चढ असायचा. त्या चढासाठी बाबगोंडा आर्केस्ट्राचे दौरे अर्धवट सोडून घरी आले होते. आता आणखी काय जाऊ शकतं, हे त्यांना नीट कळलं. स्क्रूड्रायव्हर हाताला लागेल इतका जवळ होता. त्यांनी शब्बीरभाईंकडे पाहिलं. शब्बीरभाईही त्या स्क्रूड्रायव्हरकडेच पाहत होते.

बाबगोंडांनी हात पाठीमागे बांधले.

"मुंबईत जोडलेला," ते म्हणाले. "स्पीकर रेडिओतला."

दिवा लागला नाही. पद्माबाईंचे ओठ हलले. त्यांनी गळ्याला हात लावला आणि ओठ पुन्हा हलवले. मेथीची एक काडी पिशवीतून खाली पडली.

"अहो," अँपमधून आवाज आला.

सगळ्या बाजाराला तो ऐकू गेला. बारीकसा चढसुद्धा जसाच्या तसा होता. आत पावलं वाजली, टकटक झाली आणि पुन्हा आवाज आला, "अहो."

"हे कोण?" ग्रेसने विचारलं.

बाबगोंडांची मान ताठ झाली. असा स्वच्छ आवाज, काडीची खरखर नाही, घुमणं नाही, असा त्यांनी कुठल्याच अँपमधून ऐकला नव्हता. बाजारातही कुणी ऐकला नसेल. त्यांनी छाती पुढे काढून माणसांवरून नजर फिरवली. पद्माबाई स्क्रूड्रायव्हर पुढे धरून तशाच उभ्या होत्या.

"ही आमची पद्मा," बाबगोंडा म्हणाले.

लाल दिवा लागला.