मुका सूर

इंद्रभान मास्तरांनी पायपेटीचे दोन्ही पायटे दाबले, भात्यात हवा भरली आणि गुलाबरावांकडं पाहिलं. चिखलीच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे पंच, गुलाबराव पहिल्याच बाकावर हाताची घडी घालून बसले होते. "महाराष्ट्र झाला, आता इलायती बाजा कशाले?" असं त्यांचं म्हणणं. आज गाणं पेटीबरोबर चाललं तरच ती देवळात राहणार होती, नाहीतर विकली जाणार होती.

मिशनच्या मडमेच्या काळातच या पेटीचा एक सूर मुका झाला. मडम विलायतेला गेली आणि भाताही फाटला. तेव्हापासून मंडळी पेटीवाचून गात आली. मास्तरांनी मात्र हट्टाला पेटून भात्याला नवं कातडं लावलं आणि त्या एका सुराची पितळी पट्टी घासून बसवण्यात उन्हाळ्याची सगळी सुट्टी घालवली. आता ते इतके थकले होते की त्यांना धड आनंदही होत नव्हता. शाळेतल्या पोरांनी गाणं एकदा मुळात होतं तसं शिकावं, एवढंच त्यांना हवं होतं.

पहिली ओळ छान गेली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर सगळं देऊळ एकदम गप्प झालं आणि नवा सूर एकटाच वाजला. मागं कुणीतरी हसलं.

"मास्तर, तिथं काऊन वाजवता?" गुलाबराव बसल्या जागेवरून म्हणाले. "तिथं थांबा लागते. मडम होती तवापासून आमी थांबतो."

पेटी तिथं मुकी व्हायची, म्हणून माणसंही मुकी राहायला शिकली होती. मास्तरांना रडूच आलं, पण पाय थांबवून चालणार नव्हतं. पुढच्या कडव्यात त्या जागी त्यांनी बोट उचललं. सगळ्यांनी मिळून दम घेतला आणि गाणं सुरळीत शेवटाला गेलं.

"आता जमलं," गुलाबराव म्हणाले. "राहू द्या पेटी."

घरी बायकोनं, केसरबाईनं, भाकर वाढली. ती लग्न होऊन चिखलीत आली तोवर पेटी बंद पडलेली होती.

"मंग खरं गाणं कसं होतं? मले तरी म्हणून दाखवा."

मास्तर सावरून बसले. डोळे मिटून त्यांनी पहिली ओळ म्हटली, दुसरी धरली, मध्यावर थांबून दम घेतला आणि कडवं पुरं केलं.



"आमी बी असंच तर म्हणतो," ती हळूच म्हणाली.