मोकळी मान

शाळेच्या पी.टी.च्या सरांचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. ते अगदी सहज बोलले. एका पायावर उभं राहायचं होतं, वर्गातली बाकी सगळी मुलं राहिली, आमची भिंगरी तेवढी डगमगली आणि पडली. "लागलं नाही हो. पण डोकं फार पुढे काढून उभी राहते. बगळ्यासारखी. एकदा दाखवून घ्या कुणाला तरी."

मी "हो" म्हणाले आणि ओला शर्ट हातात धरून तशीच उभी राहिले.

माझ्या नवऱ्याची मान वाकलेली आहे. तो छापखान्यात प्रुफं तपासतो, म्हणून लोकांना वाटतं, वाचून वाचून वाकली. तसं नाही. त्याच्या कण्याचे सांधे एकेक करून आखडत गेलेत. लग्न झालं तेव्हा सकाळी नुसती पाठ धरायची. आता समोरच्याचं तोंड बघायचं तर त्याला गुडघे वाकवून सगळं अंग मागे झुकवावं लागतं, आणि तसं केलं की तोल जातो. त्यामुळे तो खालीच बघत चालतो. वर लोकांना हसून सांगतो, "रस्त्यात पडलेलं बटणसुद्धा माझ्या नजरेतून सुटत नाही." डॉक्टर मला म्हणाले होते, मुलीत हे येईलच असं नाही, पण लक्ष ठेवा. लक्ष ठेवा म्हणे. मी दुसरं करते तरी काय?

रोज अंघोळ झाली की तो पॅसेजमधल्या भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभा राहतो. डोक्याच्या मागे भिंतीपर्यंत जी जागा उरते तिच्यात मी हात घालते. पूर्वी नुसती बोटं जेमतेम जायची. आता मूठ जाते, आणि तरी जागा उरते. आमची मोजपट्टी ही.

त्या संध्याकाळी उंची बघायच्या निमित्ताने मी भिंगरीला तिथेच उभं केलं. टाचा टेकल्या, पाठ टेकली. डोकं पुढेच. मी हळूच हात सरकवला. गेला.

"उंची वर असते, आई. मागे काय शोधतेस?"

"गप्प उभी राहा."

"बाबाचं बघतेस तसं बघतेयस ना?"

मी ओरडले तिच्यावर. कशावरून ते आठवत नाही, बहुतेक केसांवरून.

फिजिओथेरपिस्ट बाई बोलक्या होत्या. त्यांनी भिंगरीला टेबलावर उताणं झोपवलं आणि उशी काढून घेतली. डोकं अलगद खाली टेकलं. मान दोन्हीकडे खांद्यापर्यंत वळली, हनुवटी छातीला लागली. खुबे, गुडघे, घोटे, सगळे फिरवून झाले. मी बाईंच्या चेहऱ्यावरून नजर काढत नव्हते.

"आता उभी राहा. एका पायावर, डोळे मिटून."

ती डुलायला लागली. बाईंनी दोन बोटांनी तिची हनुवटी मागे सारली, कान खांद्यांच्या वर आणले. "आता बघ." पाय थरथरला, पण ती उभी राहिली.

"डोकं म्हणजे कलिंगड असतं, बाळ. ते पुढे लोंबत ठेवलंस तर बाकीच्या अंगाने तोल सांभाळायचा कसा?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सांधे मोकळे आहेत. डॉक्टरांना दाखवत राहा, पण आज तरी मला ही नुसती सवय दिसते. मोबाइलमध्ये डोकं खुपसून असते का?"

"तिच्याकडे मोबाइल नाही."

"मग दप्तर जड असेल."

भिंगरी टेबलाच्या कडेला बसून मोजे चढवत होती. "बाबाला माझं तोंड दिसायला नको का?" ती म्हणाली. "आम्ही बरोबर जातो शाळेत. मी सरळ चालले की तो माझ्या पोटाशी बोलतो."

बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

घरी मी नवऱ्याला सांधे मोकळे आहेत एवढंच सांगणार होते. पण पोरीच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याच्या खुर्चीपुढे फरशीवर बसून तिने सगळं सांगून टाकलं. तिथे बसली की तिचं तोंड त्याला नीट दिसतं.

"हात्तिच्या, एवढंच होय," तो म्हणाला. मग म्हणाला, "उद्यापासून सरळ चालायचं."

"आणि तुला दिसणार काय?"

"तुझे बूट. रुसलीस की डावा जोरात आपटतेस. मला सगळं कळतं."

"खोटारडा."

दोघं हसली. मी ताटं उचलायच्या निमित्ताने आत गेले. मला हवं होतं तेच तर झालं होतं. पोरीची मान मोकळी होती, देवाकडे मी दुसरं काही मागितलं नव्हतं. तरी नळ सोडून मी उगाच उभी राहिले.

सकाळी खिडकीतून पाहिलं. दोघं फाटकाबाहेर पडली. भिंगरी ताठ चालत होती, बाईंनी शिकवलं तशी. थोडं पुढे गेल्यावर तो काहीतरी बोलला असावा, कारण ती वाकली आणि खालून त्याच्या तोंडासमोर डोकावली. त्याने तळहात तिच्या कपाळाला लावला आणि हळूच तिचं डोकं मागे सारलं. ती सरळ झाली. पुन्हा डोकावली, पुन्हा त्याने सारलं. एकदा तर त्याचा हात कपाळावर तसाच राहिला, दोघं चालायची थांबली, मग त्यानेच ढकललं.

वळणाच्या अलीकडे तिने डोकावणं सोडून दिलं.