तीन टनांची शून्ये

मित्रांनो, मला गुणाकार येतो, भागाकार येतो, पण शून्ये मोजता येत नाहीत. मी एक जुनी सरकपट्टी आहे. लाकडी अंग, त्यावर पांढरा मुलामा, मुलाम्यावर बारीक रेघा आणि वर इकडून तिकडे फिरणारी काच. मधली पट्टी सरकवली की काचेखाली उत्तर येते. पण तीन, तीनशे आणि तीन लाख माझ्या अंगावर एकाच रेघेवर बसतात. उत्तरावर किती शून्ये चढवायची, ते माणसाने डोक्यात धरायचे असते.

एका कारागिराने भिंगातून बघत माझ्या रेघा कोरल्या आणि मी एका प्रयोगशाळेच्या हिशेबखोलीत आले. तिथे धातू टनांनी यायचा आणि साहेबांना त्याचे वजन अणूच्या मापात हवे असायचे. ते माप साधारण एका प्रोटॉनएवढे. एका टनात अशी मापे किती? सहावर एकोणतीस शून्ये!

माझ्या मालकांना सगळे पट्टीवाले म्हणत. शेजारच्या टेबलावरच्या बाई शून्ये सांभाळायच्या, म्हणून त्यांचे नाव पडले शून्यबाई.

"पाच टन. तीन पॉइंट शून्य एक," मालक म्हणत.

"दहाचा तिसावा घात," बाई मान वर न करता सांगत.

दिवसभर दोघांत एवढेच बोलणे. एवढ्यावर यांचे लग्न कसे जमले, याचे साऱ्या खोलीला नवल वाटले. लग्नानंतर बाई टोमणेही मारू लागल्या. "अहो, दशांश चिन्ह घरी विसरलात का?" सारी खोली हसे. साहेब म्हणत, "या जोडीचा हिशेब मी तपासत नाही." ते माझे सुखाचे दिवस होते. माझी काच रोज रुमालाने पुसली जाई.

मग एका सकाळी केस विंचरता विंचरता शून्यबाई खाली कोसळल्या. उजवे अंग लुळे पडले आणि वाचाही गेली.

"त्यांना सगळं ऐकू येतंय," डॉक्टर म्हणाले. "बोलत राहा त्यांच्याशी."

पण बोलायचे काय? भेटायला येणारे लहान मुलाशी बोलावे तसे मोठ्याने बोलत आणि मग त्यांच्या डोक्यावरून आपापसांत गप्पा मारत. बाई भिंतीकडे तोंड फिरवत. मालक नुसते त्यांचे पाय दाबत बसत. घरात भांडे जरी पडले तरी दचकायला होई, इतकी शांतता.

त्याच सुमारास प्रयोगशाळेत एक नवे कोठार बांधायचे ठरले. तिथे ठेवायच्या धातूतून घातक किरण निघत. भिंत किती जाड हवी, ते वजनाच्या हिशेबावर ठरणार होते आणि गवंडी दुसऱ्या दिवशी कामाला लागणार होते. दुपारी बाईंजवळ बसायला कुणी नव्हते, म्हणून मालक मला आणि कागद घेऊन घरी आले.

"तीन टन... एक पॉइंट आठ एक," ते पुटपुटले. "दहाचा सत्ताविसावा." लिहिले आणि कागदाची घडी घातली.

मित्रांनो, माझ्या काचेखालचा आकडा बरोबर होता. चुकला होता तो घात. टनांऐवजी त्यांनी किलोंचा हिशेब केला होता. उत्तर हजारपट लहान आले होते, आणि मी मुकाट्याने त्यांच्या हातात पडून होते.

एवढ्यात पलंग करकरला. बाई डावा हात चादरीवर आपटत होत्या.

"काय गं? पाणी हवंय?"

बाईंनी मान हलवली. नाही.

"उशी सरळ करू? पांघरूण घालू?"

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. ओठ वाकडे झाले, लाळ गळाली.

"ट... ट... टन."

मालक थक्क झाले. "अगं, बोललीस! बोललीस तू!" म्हणत ते हमसून हमसून रडू लागले. बाईंनी चिडून त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली. "टन!"

तेव्हा कुठे मालकांनी घडी उलगडली. सत्तावीस खोडून त्यांनी तीस लिहिले. तसेच घरातल्या चपला घालून ते साहेबांकडे धावले. भिंतीचा नकाशा बदलला. साहेब रागावले नाहीत. "यापुढे तुमचा हिशेब दुसऱ्याकडून तपासून घेऊ," एवढेच म्हणाले. मालक मान खाली घालून परतले.

त्या दिवसापासून ते रोज काम घेऊन बाईंच्या उशाशी बसू लागले. हळूहळू बाईंचे आकडे परत आले. घात परत आले. "अहो" मात्र कधीच परत आले नाही. मालक त्या एका शब्दासाठी कान टवकारून बसत. शेवटपर्यंत बसले.

पुढे प्रयोगशाळेत संगणक आला आणि मी कायमची घरी आले. बाई गेल्या. मालक थकले. आज माझा मुलामा पिवळा पडला आहे आणि मधली पट्टी हलत नाही. तुम्ही मला पुसले नाही तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणाची वाचा गेली असेल, तर नुसते पाणी हवे का, उशी हवी का, एवढेच विचारून उठू नका. आपले अडलेले काम घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तोंड वाकडे होईल, लाळ गळेल, तुम्हाला बघवणार नाही. तरी थांबा.