डाव्या कानातले पहिले हसू

मी एक जुना मायक्रोफोन आहे, हे वाक्य अर्धेच खरे आहे, मित्रांनो. जुना आहे, पण एक नाही. आम्ही जुळे भाऊ. मी डावा, माझ्या पाठीवर निळा ठिपका. तो उजवा, त्याच्या पाठीवर लाल. आकाराने वाटाण्याएवढे. आम्ही माणसाच्या कानात बसतो, म्हणून लोक आम्हाला गाणी ऐकायचे इयरफोन समजतात आणि गाणे काही येत नाही म्हणून वैतागून काढून ठेवतात. आमचे काम नेमके उलटे. कानात बसून, तोंड बाहेर करून, त्या कानाला जे ऐकू येते ते आम्ही टिपतो. डावीकडे कुत्रा भुंकला तर तो आधी मला ऐकू येतो. भावाला कणभर उशिराने, डोक्याच्या आडून. ही जराशी तफावत आम्ही जिवापाड जपतो. नंतर कुणी हेडफोन लावून ते ऐकले, की कुत्रा त्याच्याही डावीकडेच भुंकतो आणि तो दचकून पाय वर घेतो. आमच्या जातीला बायनॉरल म्हणतात. एवढ्याशा जिवाला केवढे हे नाव!

आमचा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. तिथे भिंगातून बघत काही बायका केसासारख्या तारा जोडत बसलेल्या असत. हजारो मायक्रोफोनांतून सारख्या कानांचे दोन शोधून त्या जोड्या लावत. स्थळे जुळवण्यापेक्षा ते अवघड काम, कारण इथे एक जरी बहिरट निघाला तरी दुसराही फुकट जातो.

दुकानात आम्हाला निवडले ते नाटकांना आवाज पुरवणाऱ्या एका बाईने. घरात तिची नणंद तिला वहिनी म्हणे, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. दुकानदाराने तिच्यापुढे मखमली डबीतली एक चकचकीत जोडी ठेवली. वहिनी म्हणाली, "डबी राहू द्या. आवाज दाखवा." तिने एकेक जोडी कानात घातली आणि दुकानदाराला किल्ल्या वाजवत स्वतःभोवती फिरायला लावले. मग डोळे मिटून तेच रेकॉर्डिंग ऐकताना ती बोटाने दाखवू लागली, की आता तुम्ही इथे होतात, आता तिथे. चकचकीत जोडीने दुकानदाराला पाठीमागून उचलून पुढ्यात आणून ठेवले. आमच्या वेळी तिचे बोट बरोबर किल्ल्यांमागे फिरले. मग ती आम्हाला घेऊन मालाच्या खोलीत शिरली आणि दार लावून नुसती शांतता टिपली, कारण हलक्या मायक्रोफोनचा स्वतःचाच फुसफुसाट फार असतो. शेवटी कानात रुतू नयेत म्हणून रबरी बोंडे बदलून पाहिली.

दुकानदार घाम पुसत म्हणाला, "ताई, सोनं घेतानासुद्धा लोक इतकं पारखत नाहीत."

"सोनं कानात मिरवायचं असतं, दादा. ह्यांच्याकडून काम करून घ्यायचंय."

त्या दिवशी माझी छाती फुगली. आणि काम तरी किती केले आम्ही! भाजीबाजार, तळ्यावरची बदके, कारखान्याचा भोंगा. बाहेर जाताना वहिनी आमच्या डोक्यावर केसाळ टोप्या चढवी, नाहीतर वारा आमच्या तोंडावर नुसते फटके मारतो. टोप्या घातल्या की वहिनीच्या दोन्ही कानांतून सशाच्या शेपट्या निघाल्यासारख्या दिसत. लोक वळून वळून बघत. वहिनीला त्याचे काही नव्हते.

मग घरात बाळ आले. मुलगी. त्या नणंदेने, म्हणजे बाळाच्या आत्याने, तिचे नाव ठेवले ठकी. ठकीचा बाबा, म्हणजे आत्याचा दादा, मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळी आणि लेक जन्मली तेव्हा तो समुद्रावर होता. तिला त्याने अजून मांडीवरही घेतले नव्हते. वहिनीने त्याला शब्द दिला होता, "तिचं पहिलं हसू तुला ऐकवीन. फोनवरचं चपटं नाही. तुझ्या खांद्यावर असल्यासारखं." जहाज बंदरात असे तोवरच त्याच्याशी नीट संपर्क होई. आता ते निघायच्या बेतात होते आणि ठकी ओठ रुंद करून नुसती बघे. खळखळून काही हसेना.

आधी वहिनीने स्वतः आम्हाला कानात घातले. पण आईच्या कानातून लोंबणारी वायर म्हणजे ठकीला घरबसल्या खेळणे. एका हिसक्यात मी तिच्या मुठीत, आणि तिथून थेट तोंडात. मग आत्याची पाळी. आत्या शिवणकाम करते आणि मान डोलावल्याशिवाय तिला एक वाक्य ऐकताही येत नाही. आम्ही तिच्या कानात, तेव्हा तिची मान हलली की टिपलेली अख्खी खोली हिंदकळे. ते ऐकताना वहिनीने पलंगाचा कठडा धरला.

"अगं, मला बोट लागली! समुद्रावर तुझा भाऊ आहे की मी?"

"मग आता उरलं कोण?" आत्या म्हणाली, आणि दोघींनी एकदमच आजोबांकडे पाहिले.

आजोबांनी, म्हणजे आत्या-दादाच्या वडिलांनी, जन्मभर दुकानादुकानांतली वजनमापे तपासली होती. तराजूचा काटा ठरेपर्यंत श्वास रोखून उभे राहायचे, हीच त्यांची नोकरी. आजी गेल्यापासून ते घरातही तसेच वागत. बोलणे मोजून मापून, हसणे बंद.

"बाबा, तुमच्याइतकं स्थिर बसणारं घरात कुणी नाही," वहिनी म्हणाली. "मान हलवायची नाही. आणि काही झालं तरी स्वतः आवाज करायचा नाही."

"ते मला शिकवू नकोस. ह्यांच्या टोप्या कुठायत?"

"त्या बाहेर लागतात, बाबा."

"पंखा चालू आहे, खिडकी उघडी आहे. वारा तो वारा. नियम म्हणजे नियम."

वहिनीने हात जोडले आणि टोप्या दिल्या. ठकी हसली तर जोरात हसेल आणि आवाज फाटेल, म्हणून रेकॉर्डरचे आवाजाचे चाक कमीवर फिरवून ठेवले. आत्याला बजावले, "ते चाक फिरवू नकोस." आणि वहिनी नाटकाच्या तालमीला गेली.

आजोबा खुर्चीत ताठ बसले. ठकी त्यांच्या मांडीवर, तोंड त्यांच्याकडे. आत्याने खुळखुळा वाजवला, मांजराचा आवाज काढला. ठकी ढिम्म. मग तिची नजर आमच्यावर गेली. तिने माझी टोपी पाहिली. मग भावाची. मग पुन्हा माझी. मधे आजोबांचा तो करारी चेहरा, आणि दोन्ही बाजूंना फुललेल्या शेपट्या! ठकीच्या घशात उचकीसारखे काहीतरी अडले, आणि ती हसली. खदखदून, सगळे अंग हलवत.

आजोबांनी श्वास रोखला. त्यांचे खांदे हलू लागले, ते मला आतून कळत होते. बाहेरचा आवाज दारातून येतो, मित्रांनो. हा घरातूनच आला. पोटातून छातीत, छातीतून जबड्यात आणि हाडाहाडांतून आमच्या पाठीवर. आजोबा ठो ठो हसले! डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसता हसता त्यांनी ठकीला उचलून डाव्या खांद्याशी धरले आणि ती माझ्या तोंडाशीच हसत सुटली. माझ्या आयुष्यात मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

संध्याकाळी वहिनीने ते ऐकले आणि तिचा चेहरा उतरला. आवाज फाटला नव्हता, पण आजोबांचे हसणे ठकीच्या हसण्यात दुधात साखर विरघळावी तसे मिसळले होते. वेगळे काढता येईना.

आजोबा दारात उभे होते. "आयुष्यभर लोकांना सांगत आलो, तराजूला बोट लावू नका," ते हळूच म्हणाले. "आणि आज मीच लावलं. पाठवू नकोस. पुन्हा हसेल तेव्हा पाठव."

"पुन्हाचं हसू पहिलं नसतं, बाबा." आणि तिने ते तसेच पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही टेबलावरच होतो. तो जहाजाच्या जेवणघरात बसला होता. "स्पीकरवर नको हं!" वहिनी ओरडली, तसे त्याने हेडफोन लावले. आजोबा लगबगीने गॅलरीत झाडांना पाणी घालायला गेले. झाडांना पाणी आधीच घालून झाले होते.

दादा ऐकू लागला. आधी हसला. मग त्याचा डावा हात आपोआप वर आला आणि खांद्यापाशी हवेत थांबला, बाळाच्या पाठीवर ठेवावा तसा.

"इथे आहे ती," तो म्हणाला. "आणि हे कोण हसतंय? मला वाटलं, मीच हसतोय. माझ्याच डोक्यात."

आत्याने गॅलरीकडे बोट दाखवले.

"बाबा?" दादाने हेडफोन कानावरून सरकवले. "बाबा, तुम्ही हसलात?"

आजोबा झारी घेऊन आत आले. "वारं असेल," ते म्हणाले.

"टोप्या होत्या ना!" आत्या म्हणाली.

दादा डोळे पुसत हसत होता. "आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं हे. बाबा, एका फटक्यात दोघांचं पहिलं हसू पाठवलंत की हो मला!"

आजोबांच्या हातातली झारी तिरकी झाली आणि त्यांच्या पायावर पाण्याची धार लागली, तरी त्यांना पत्ता नव्हता.

मित्रांनो, आता ठकी शाळेत जाते. माझी वायर कडक झाली आहे आणि भावाला जरा कमी ऐकू येते. तुमच्याकडे आमच्यासारखे कुणी असेल, तर वायर करकचून गुंडाळू नका. रबरी बोंडे पुसून ठेवा, कानातला मळ आम्हाला मानवत नाही. टिपताना मान स्थिर आणि तोंड बंद ठेवा, हेही मी आजवर सगळ्यांना सांगत आलो आहे. पण समोर कुणी आयुष्यात पहिल्यांदा हसले, आणि तुमच्याही पोटातून हसू वर येऊ लागले, तर आमची पर्वा करू नका. खुशाल हसा. आम्ही टिपून घेऊ.