आधी बूट, मग चेहरा

मी एक जुना बूट आहे, उजवा. डावाही शेजारीच असतो. पण तो अबोल, म्हणून दोघांचे मीच सांगतो.

मित्रांनो, माझा जन्म जुरोंग या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात झाला. तळ जाड आणि बोटांवर पोलादी टोपी. शैलेंद्रने मला घेतले तेव्हा तो बोटीवर नवाच इंजिनीअर म्हणून लागला होता. मी किती बंदरे पाहिली म्हणता! खरे सांगायचे तर पाहिले ते इंजिनरूमचे तेलकट लोखंडच. एकदा एक जड पाना थेट माझ्यावर पडला. शैलेंद्रचा अंगठा वाचला, माझ्या नाकावर मात्र कायमचा खड्डा पडला. त्या दिवशी सगळ्या बोटीने माझी वाहवा केली.

पुढे नवे बूट आले आणि माझी रवानगी वुडलँड्सच्या फ्लॅटबाहेर, चपलांच्या रॅकवर झाली. शैलेंद्र सहा-सहा महिने बोटीवर. ‘दारात पुरुषाचे बूट दिसलेले बरे,’ म्हणून त्याच्या बायकोने, रत्नाने, मला ठेवून घेतले. जेवायला येणारे पाहुणे माझ्याशेजारी चपला काढत. मला कोणी पुसत मात्र नसे. शैलेंद्र सुट्टीवर आला की म्हणे, “टाकून दे ते ध्यान!” मला फार वाईट वाटे.

रत्नाला रहस्यपटांचे भारी वेड. कॅसेट आणायची आणि सुरुवातच पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहायची. चौऱ्याण्णव साली इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवासाठी तिने स्वतःच व्हिडिओ कॅमेऱ्यावर छोटा रहस्यपट करायला घेतला. एका बाईचा हार चोरीला जातो, अशी गोष्ट. ती बाई रत्नाच. मंडळाने वेळ दिली ती नेमकी जेवणाआधीची.

“मसालेभाताचा वास सुटला की कोण बसतंय?” ती म्हणाली. “पहिल्या मिनिटातच लोकांना खुर्चीला खिळवायला हवं. आणि चोर शेवटपर्यंत कळता कामा नये. नाहीतर माझं हसं होईल.”

म्हणून आधी नुसता काळा पडदा आणि पावलांचा आवाज. ठक्, ठक्. मग इमारतीखालच्या व्हॉइड डेकची, म्हणजे मोकळ्या तळमजल्याची, ओली फरशी, तिच्यावर लांबलचक सावली, आणि सावलीच्या टोकाला मी! चेहरा दाखवायचाच नाही. चेहरा दिसला की भीती संपली, असे रत्नाचे मत. चोर झाले होते हौगांगला राहणारे, मंडळातले पद्माकरकाका. ‘काकूंनाही सांगायचं नाही,’ अशी रत्नाने त्यांना शपथ घातली होती. पाय त्यांचे, पण मान माझा! आयुष्यभर मी जमिनीलगत राहिलो आणि आता माझ्यासाठी कॅमेराच जमिनीवर लोळत होता. मी अगदी फुगून गेलो.

सिनेमा पुरा झाल्यावर रत्नाने काका-काकूंना घरी बोलावून तो दाखवला. मी पडद्यावर आलो मात्र, शैलाकाकू ओरडल्या, “अगं बाई, हे तर तुमच्या दारातले बूट! नाकावर खड्डा आहे बघ. शैलेंद्र बोटीवरून आला कधी? चोर तोच ना?” आणि पोट धरून हसू लागल्या.

रत्नाचा चेहरा पडला. सगळ्या मंडळाने मला पाहिले होते. भीती कसली वाटणार, कपाळ!

“नवे बूट आणून सुरुवात पुन्हा करते,” ती म्हणाली. “हे आजच कचऱ्यात टाकते.” दाराबाहेर मी ते ऐकले आणि माझे धाबे दणाणले.

काका-काकू निघाले. आठवडाभर मला घालून घालून काकांच्या पायांना सवय झालेली. बोलता बोलता त्यांनी माझ्यात पाय घातले आणि तरातरा लिफ्टकडे चालू लागले.

“अहो, दुसऱ्याचे बूट घालून कुठे निघालात?” काकू कडाडल्या.

रत्ना दारातून पाहत राहिली. बूट शैलेंद्रचे, पाय काकांचे.

“काका, थांबा!” ती आनंदाने ओरडली. “लोकांना शैलेंद्रचाच संशय येऊ दे. बूट तर दाराबाहेरच असतात, कोणीही घालेल! आपण फक्त शेवट बदलू.”

कार्यक्रमाच्या दिवशी शैलेंद्र सुट्टीवर आलेला, पहिल्याच रांगेत. मी पडद्यावर दिसताच हशा पिकला. “अंकल इज द थीफ, लाह!” एक पोर किंचाळले.

“अहो, मी बोटीवर होतो!” शैलेंद्र खरेच कावराबावरा झाला. आता सगळ्यांना तो कसा पकडला जातो ते पाहायचे होते. मसालेभाताचा घमघमाट सुटला, पण कोणी हलले नाही.

शेवटी कॅमेरा माझ्यापासून हळूहळू वर गेला. फुलपँट, मग मुठीतला हार, मग चेहरा. हार गेला म्हणून रडणारी रत्नाच! माझ्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ती उभी होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात वाजवत होता शैलेंद्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ब्रश आणि पॉलिश घेऊन रॅकजवळ बसला. माझ्या नाकावरचा खड्डाही त्याने निगुतीने पुसला. मग आत हाक मारली, “रत्ना, तुझे बूट आत ठेवू का?”

तुझे! डाव्यानेही ऐकले असणार.

“नको,” आतून हसत उत्तर आले. “असू देत दारातच. पुढच्या वेळी चोर कोण होईल, सांगता येतं का?”

तर मित्रांनो, दारातल्या जुन्या बुटांवरून अधूनमधून फडके फिरवत जा. आणि बूट ओळखलेत म्हणून पायही ओळखलेत, असे मात्र समजू नका.